संकलकासमोरचे चित्र: रश प्रिंटपासून प्रॉक्सीपर्यंत

चित्रपटाचा किंवा व्हिडिओचा संकलक काम करताना जे चित्र पाहतो, ते प्रेक्षकाला शेवटी दिसणाऱ्या चित्रापेक्षा जवळजवळ नेहमीच हलक्या दर्जाचे असते. फिल्मच्या काळात ती स्वस्तात काढलेली प्रत असे, टेपच्या काळात चित्रावर आकडे उमटलेली कॅसेट असे, आणि संगणकाच्या काळात ती मापाने लहान केलेली फाइल, म्हणजे प्रॉक्सी, झाली. संकलकाला दोन गोष्टी हव्या असतात. चित्र स्वच्छ दिसावे आणि ते खऱ्या गतीने, न अडखळता चालावे. दोन्ही गोष्टी एकदम देणारे यंत्र बराच काळ तयारच होत नव्हते, आणि झाले तेव्हा ते थोड्यांनाच परवडत होते. त्यामुळे बहुतेक पिढ्यांतल्या यंत्रकारांनी स्वच्छपणा सोडला आणि गती राखली. ही निवड बरोबर होती. कट कुठे मारायचा हे नटाच्या नजरेवरून, वाक्यानंतर त्याने घेतलेल्या विरामावरून ठरते. चित्र थोडे धूसर असले तरी तो विराम जाणवतो, पण अडखळत चालणाऱ्या चित्रात तो मोजता येत नाही.

मूकपटांच्या पहिल्या दोन दशकांत संकलकाजवळ चित्र चालवून पाहण्याचे साधन नव्हते. फिल्मची पट्टी उजेडासमोर धरायची, भिंगातून फ्रेम न्याहाळायची, पट्टी बोटांतून सरकवत हालचालीचा अंदाज घ्यायचा आणि कात्री चालवायची. जोडलेला भाग खरा कसा दिसतो हे प्रोजेक्टरवर लावल्यावरच कळे. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली मुंबईत प्रदर्शित झाला, तेव्हा मुव्हिओला हे चित्र चालवून पाहण्याचे यंत्र संकलकाच्या टेबलावर यायला अजून अकरा वर्षे होती. फाळक्यांच्या घरातच फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे चालत आणि त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई त्यांत बरोबरीने राबत. हाताने आणि डोळ्यांनी फिल्म हाताळण्याची ती पद्धत त्या काळी अमेरिकेतही वेगळी नव्हती.

मूळ डच असलेले अभियंते इवान सेरियर यांनी १९१७ साली अमेरिकेत मुव्हिओला बनवले ते संकलकांसाठी नव्हते. श्रीमंतांनी घरी चित्रपट पाहावेत असा त्यांचा बेत होता, आणि यंत्र महाग असल्याने तो फसला. पुढे पडदा काढून, यंत्र उलटे करून, वर डोळा लावायचे भिंग बसवून त्यांनी ते संकलनाजोगे केले. १९२४ साली असे पहिले यंत्र अभिनेते डग्लस फेअरबँक्स यांच्या स्टुडिओने घेतले. संकलकाला प्रथमच जोडलेला भाग जागच्या जागी, हव्या त्या वेगाने, पुढे-मागे करून पाहता येऊ लागला. चित्र अगदी लहान होते, यंत्र खडखडाट करी, आणि प्रत्येक फ्रेमपाशी फिल्म क्षणभर थांबवणारी नखी कधी कधी फिल्मची भोकेही फाडून टाकी. तरीही पुढची कित्येक दशके हॉलिवूडचे संकलन याच यंत्रावर झाले, कारण ते कट चालताना दाखवत होते.

यंत्रात जाणारी फिल्म मूळ निगेटिव्ह कधीच नसे. निगेटिव्हवर ओरखडा पडला तर तो कायमचा, म्हणून तिच्यावरून रंग-उजेडाची फारशी दुरुस्ती न करता एक साधी प्रत काढली जाई. मुंबईच्या प्रयोगशाळांत आणि संकलनकक्षांत तिला ‘रश’ किंवा ‘रश प्रिंट’ म्हणत. ही प्रत मनसोक्त कापायची, चिकटवायची, पुन्हा सोडवायची. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात. निगेटिव्हच्या कडेला ठरावीक अंतराने छापलेले आकडे रशवरही उतरत. संकलन पक्के झाले की ते आकडे जुळवून निगेटिव्ह कापली जाई आणि तिच्यावरून प्रदर्शनाची प्रत निघे. हलक्या प्रतीवर निर्णय घ्यायचा आणि आकड्यांच्या आधारे तो मूळ प्रतीवर उतरवायचा, ही रीत इथे बसली. आजच्या प्रॉक्सी फायलींचे काम याच रीतीने चालते. आकड्यांच्या जागी फक्त टाइमकोड आणि फाइलचे नाव आले आहे.

रशमध्ये काय दिसत नसे, तेही पाहिले पाहिजे. एक दृश्य विरत दुसरे उमलते तो डिझॉल्व्ह किंवा अंधारात जाणारा फेड प्रयोगशाळेत वेगळ्या छपाईने तयार होत असे. संकलनाच्या टेबलावर तो अस्तित्वातच नसे. संकलक मेणाच्या पांढऱ्या पेन्सिलीने फिल्मवर तिरकी रेघ ओढी. प्रोजेक्शनच्या वेळी ती रेघ पडद्यावरून सरकत जाई आणि पाहणाऱ्यांनी डिझॉल्व्ह मनात कल्पायचा. एखादा शॉट हाती आला नसेल, तर तेवढ्या लांबीची रिकामी फिल्म जोडत. लांबी अचूक राखली की बाकीचे कल्पनेवर सोडता येते, हे संकलकांनी फार लवकर ओळखले होते.

जर्मनीत हॅम्बुर्गच्या विल्हेल्म स्टीनबेक यांच्या कंपनीने आडव्या टेबलाचे यंत्र रूढ केले. त्यात फिल्म थबकत नाही, सलग वाहत जाते. फिरणारा बहुपैलू लोलक प्रत्येक फ्रेमचे चित्र पडद्यावर स्थिर धरतो. फिल्म फाटणे जवळपास थांबले, आवाज निवाला, पडदा मोठा झाला आणि दोन-तीन माणसे एकत्र बसून पाहू शकली. त्याची किंमत उजेडात मोजावी लागली, कारण लोलकातून येणारे चित्र मंद असे आणि खोलीत अंधार करावा लागे. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० साली सुरू झालेल्या फिल्म संस्थेत संकलनाच्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या स्टीनबेकवर हात बसवून बाहेर पडल्या आणि मुंबईच्या संकलनकक्षांत गेल्या.

दूरचित्रवाणीच्या टेपने हा सारा हिशेब काही वर्षांसाठी उलटा केला. अँपेक्स कंपनीचे पहिले व्यावसायिक व्हिडिओ टेप यंत्र १९५६ साली आले. दोन इंच रुंद टेप आणि तिच्यावरून आडवी फिरणारी चार हेड, अशी त्याची रचना होती. चालू असताना चित्र उत्तम दिसे, पण टेप थांबली की पडद्यावर काहीच राहत नसे. फिल्मसारखी फ्रेम उजेडात धरून पाहण्याचीही सोय नव्हती. टेप कापायची तर तिच्यावर लोहकणांचा द्रव लावून चुंबकीय खुणा उघड्या करायच्या, सूक्ष्मदर्शकातून त्या शोधायच्या आणि ब्लेडने कापायचे. चित्राचा दर्जा राखून पाहण्याची सोय गमावली, असा या इतिहासातला हा ठळक प्रसंग. संकलकांना तो अजिबात मानवला नाही. अमेरिकेत एनबीसी या दूरचित्रवाणी कंपनीच्या संकलकांनी त्यावर जुनीच तोड काढली. टेपवरच्या कार्यक्रमाची १६ मिमी फिल्मवर प्रत काढायची, फिल्मवर संकलन करायचे आणि मग त्याबरहुकूम टेप कापायची. उत्तम चित्र हाताशी असताना लोक मुद्दाम धूसर फिल्मकडे परतले, यावरून संकलनात कशाला महत्त्व आहे ते कळते.

१९६७ च्या सुमारास प्रत्येक फ्रेमला तास-मिनिट-सेकंद-फ्रेम असा क्रमांक देणारा टाइमकोड आला आणि कात्री-ब्लेड मागे पडले. एका यंत्रावरची टेप दुसऱ्या यंत्रावर हवी तेवढीच उतरवून संकलन होऊ लागले. नियंत्रकावर ‘प्रिव्ह्यू’चे बटण असे. ते दाबले की दोन्ही यंत्रे काही सेकंद मागे जात, वेग पकडत आणि कटाच्या जागी पडद्यावरचे चित्र बदलून दाखवीत. टेपवर मात्र काहीच उमटत नसे. ही कटाची रंगीत तालीम. पसंत पडली की तीच कृती पुन्हा, या वेळी रेकॉर्डिंगसह. मोठ्या यंत्रांचे तासाचे भाडे जबर असल्याने निर्णय स्वस्त यू-मॅटिक किंवा व्हीएचएस कॅसेटवर घेण्याची प्रथा पडली. या कॅसेटवर टाइमकोडचे आकडे चित्रातच छापलेले असत. याला ‘ऑफलाइन’ म्हणत. आकड्यांची यादी घेऊन मूळ टेपवर अंतिम प्रत बांधणे ते ‘ऑनलाइन’. मुंबईच्या स्टुडिओंत हे दोन शब्द त्याच अर्थाने आजही चालतात.

टेपची खरी अडचण वेगळीच होती. शंभराव्या मिनिटाचा शॉट पाहायचा तर आधी तिथवर टेप गुंडाळत जावे लागे. ही अडचण पहिल्यांदा सोडवली ती १९७१ सालच्या सीएमएक्स ६०० या यंत्राने. सीबीएस ही दूरचित्रवाणी कंपनी आणि डिस्क बनवणारी मेमोरेक्स यांनी मिळून ते बनवले होते. धुलाई यंत्राएवढ्या डिस्क ड्राइव्हांवर चित्रे साठवलेली असत आणि संकलक प्रकाशलेखणीने पडद्यावर खूण करून कोणताही शॉट तत्काळ मागवू शके. पण डिस्कवर जागा थोडी, म्हणून रंग काढून टाकले आणि चित्राची क्षेत्रे (फील्ड) एकाआड एक गाळली. तरी जेमतेम अर्ध्या तासाचे साहित्य मावे. कृष्णधवल, अर्ध्या तपशिलाचे ते चित्र पाहून रंगीत कार्यक्रमाचे निर्णय घ्यायचे, असा हा व्यवहार होता. यंत्राची किंमत अडीच लाख डॉलरच्या घरात गेल्याने फार थोडी यंत्रे विकली गेली. पण संगणकावरच्या संकलनाची सारी मूळ कल्पना तिथे उभी होती.

१९८० च्या दशकात डिस्क महागच राहिल्या, म्हणून काहींनी यंत्रांची संख्या वाढवून वेळ वाचवला. ‘माँटाज’ या प्रणालीत सतरा बीटामॅक्स टेप यंत्रे होती. सर्वांत तेच साहित्य असे, आणि एक यंत्र चालू शॉट दाखवत असताना दुसरे पुढच्या शॉटपाशी सज्ज उभे राही. ल्युकासफिल्मच्या ‘एडिटड्रॉइड’ने १९८४ साली लेझर डिस्क वापरून तेच साधले. पुढचा शॉट आधीच तयार ठेवायचा ही युक्ती आजच्या सॉफ्टवेअरमध्येही आहे. आता ती रॅममध्ये आगाऊ उलगडून ठेवलेल्या फ्रेमांच्या रूपात चालते.

बिल वॉर्नर यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये स्थापन केलेल्या अॅविड कंपनीचे ‘अॅविड १’ हे यंत्र १९८९ साली आले, तेव्हा प्रश्न शुद्ध अंकगणिताचा झाला. पाल या दूरचित्रवाणी पद्धतीच्या चित्रात ७२० गुणिले ५७६ बिंदू असतात. प्रत्येक बिंदूला सरासरी दोन बाइट धरले तर सेकंदाच्या २५ फ्रेमांना सुमारे २१ मेगाबाइट लागतात, आणि एका तासाला जवळपास ७५ गिगाबाइट. त्या वेळच्या हार्ड डिस्कना ना एवढी जागा होती ना एवढा वेग. म्हणून प्रत्येक फ्रेम जेपीईजी पद्धतीने स्वतंत्रपणे आवळून साठवली जाई. किती आवळायचे याचे क्रमांक अॅविडने ठरवून दिले होते. खालच्या क्रमांकावर चेहऱ्याच्या जागी चौकोन दिसत आणि नटाचे डोळे कुठे पाहत आहेत हेही नीट कळत नसे, पण चित्र पूर्ण गतीने चाले आणि डिस्कवर अनेक तासांचे साहित्य मावे.

या धूसरपणाचे दुष्परिणाम खरे होते. फोकस चुकलेला शॉट लहान, आवळलेल्या चित्रात निर्दोष वाटे. दूरचे दृश्य छोट्या पडद्यावर निरर्थक भासे आणि संकलक नकळत जवळची दृश्ये जास्त वापरी. वॉल्टर मर्च या संकलकाने त्यावर साधा उपाय केला. कागदाच्या छोट्या मानवाकृती कापून त्यांनी मॉनिटरच्या दोन्ही बाजूंना ठेवल्या, म्हणजे खरा पडदा केवढा असणार याचे भान राहील. नव्वदच्या दशकात अनेक निर्माते अॅविडवरचे कट रश प्रिंटवर पुन्हा उतरवून घेत आणि चित्रगृहात पाहूनच मान्यता देत. मर्च यांनी ‘द इंग्लिश पेशंट’चे संकलन फिल्मवर सुरू केले आणि मधेच अॅविडवर नेले. १९९६ च्या त्या चित्रपटाला संकलनाचे ऑस्कर मिळाले. डिजिटल यंत्रावर संकलित चित्रपटाला मिळालेले ते पहिलेच.

घरगुती संगणकावर हीच गोष्ट फार छोट्या मापात सुरू झाली. अडोबीचे प्रीमियर हे संकलनाचे सॉफ्टवेअर १९९१ च्या शेवटी आले, तेव्हा त्याचा व्हिडिओ टपाल तिकिटाएवढा होता, १६० गुणिले १२० बिंदूंचा. १९९५ मध्ये डीव्ही कॅमेरे आले. त्यांची टेप फायरवायरच्या तारेने सरळ संगणकात उतरे आणि तासाला सुमारे १३ गिगाबाइट पुरत. साधे कट आता पूर्ण दर्जात दिसू लागले. पण डिझॉल्व्ह, शीर्षक किंवा रंगबदल टाकला की टाइमलाइनवर लाल रेघ उमटे आणि तो भाग रेंडर केल्याशिवाय, म्हणजे संगणकाने त्याच्या फ्रेम आधी तयार करून ठेवल्याशिवाय, पाहता येत नसे. पन्नास वर्षांपूर्वी जिथे मेणाच्या पेन्सिलीची रेघ होती, नेमके तिथेच यंत्र पुन्हा अडले होते. संध्याकाळी रेंडर लावून सकाळी निकाल पाहायचा, हे तेव्हाच्या छोट्या स्टुडिओंचे वेळापत्रक होते. श्रीमंत स्टुडिओ वेगळे व्हिडिओ कार्ड घेऊन ही वाट पाहणे टाळत.

अॅपलचे फायनल कट प्रो १९९९ साली आले. २००१ च्या तिसऱ्या आवृत्तीने वेगळ्या कार्डाशिवाय, केवळ प्रोसेसरच्या बळावर काही इफेक्ट तत्काळ दाखवायला सुरुवात केली. २००३ च्या चौथ्या आवृत्तीने संकलकाला उघडच पर्याय दिला. एका पर्यायात खात्रीने सुरळीत चालेल तेवढेच रेंडरविना दाखवायचे. दुसऱ्यात काही फ्रेम गळाल्या तरी चालतील, पण सगळे दाखवायचे. सॉफ्टवेअरने तोवर स्वतःच घेतलेला निर्णय माणसाच्या हाती आला, आणि पुढच्या साऱ्या सुधारणा याच दिशेने गेल्या.

नंतरची अडचण कॅमेऱ्यांनी आणली. २००३ सालच्या एचडीव्ही आणि २००६ च्या एव्हीसीएचडी या चित्रीकरणाच्या प्रकारांनी फाइल छोटी ठेवण्यासाठी प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवणे सोडले. बारा-पंधरा फ्रेमांच्या गटात एकच फ्रेम पूर्ण असते. उरलेल्यांत फक्त मागच्या-पुढच्या फ्रेमांपेक्षा काय बदलले तेवढेच लिहिलेले असते. सरळ चालवताना हे ठीक चालते. पण संकलक उडी मारतो, मागे येतो, एकेक फ्रेम सरकवतो. गटाच्या मधली एक फ्रेम दाखवण्यासाठी संगणकाला अनेक फ्रेम उलगडाव्या लागतात. ‘फाइल एवढी लहान, तरी का अडकते?’ या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. फाइल लहान असते ती गणित जास्त असते म्हणून. त्यावरचा तोडगा आकाराने मोठ्या पण उलगडायला सोप्या फायलींत सापडला. अॅविडने २००४ मध्ये डीएनएक्सएचडी आणि अॅपलने २००७ मध्ये प्रोरेझ हे प्रकार काढले. दोन्हींत प्रत्येक फ्रेम पुन्हा स्वतंत्र झाली.

त्याच २००७ मध्ये रेड वन या ४के कॅमेऱ्याने वेगळा रस्ता दाखवला. त्याची फाइल वेव्हलेट गणिताने आवळलेली असते. तीत चित्राचे ढोबळ रूप आणि त्यावरचे बारकावे असे थर असतात. त्यामुळे बारकावे न उलगडता अर्ध्या किंवा चतुर्थांश मापाचे चित्र त्याच फाइलमधून थेट काढता येते. वेगळी हलकी प्रत बनवायची गरज नाही. पाहण्याच्या प्रश्नावर निघालेला हा कदाचित सर्वांत देखणा तोडगा आहे.

प्रीमियरच्या २०१० च्या सीएस५ आवृत्तीत तीन गोष्टी एकत्र आल्या. ६४-बिट रचनेमुळे चार गिगाबाइटपेक्षा जास्त रॅम वापरता आली, इफेक्टांचे गणित ग्राफिक्स कार्डाकडे गेले, आणि प्लेबॅकचे माप पूर्ण, अर्धे किंवा चतुर्थांश असे निवडता येऊ लागले. लांबी-रुंदी दोन्ही घटत असल्याने अर्ध्या मापात बिंदू चौथा हिस्सा उरतात आणि चतुर्थांश मापात सोळावा. चालताना एक माप आणि थांबल्यावर दुसरे, अशीही सोय त्यात होती. थांबलेल्या फ्रेमवर फोकस तपासायचा आणि चालत्या चित्रावर लय, ही फिल्मच्या काळापासूनची विभागणी इथे सॉफ्टवेअरच्या मेनूत उतरली.

प्रॉक्सीही २०१० च्या दशकातच सामान्य वापरात आल्या. २०११ च्या फायनल कट प्रो टेनने आयात करतानाच प्रॉक्सी बनवण्याची आणि पाठीमागे आपोआप रेंडर करण्याची सोय दिली. प्रीमियरमध्ये ती २०१६ साली आली. केडेनलाइव्हसारख्या मुक्त सॉफ्टवेअरमध्येही ती आहे, त्यामुळे जुन्या लॅपटॉपवर ४के चित्रीकरण कापणे विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आले. तरीही यंत्र कमी पडलेच, तर बहुतेक सॉफ्टवेअर आवाज अखंड ठेवते आणि चित्राच्या फ्रेम गाळते. कान खंड सहन करत नाहीत, डोळे बऱ्याच प्रमाणात करतात, हे त्यामागचे कारण.

दरम्यान उलगडण्याचे काम करणारे परिपथ प्रोसेसरमध्येच कोरले जाऊ लागले. इंटेलने २०११ पासून एच.२६४ साठी ते दिले. अॅपलच्या २०२१ च्या एम१ प्रो आणि एम१ मॅक्स चिपांत प्रोरेझसाठीही ते आले. मात्र असे परिपथ ठरावीक प्रकारच्याच फायली ओळखतात. रंगाचा तपशील जास्त ठेवणारी दहा-बिट फाइल अनेक ग्राफिक्स कार्डांच्या परिपथात बसत नाही. तेव्हा सारे ओझे प्रोसेसरवर येते आणि एकाच दिवशी, एकाच मापात चित्रित केलेले दोन कॅमेऱ्यांचे साहित्य एकाच संगणकावर वेगवेगळे वागते. महाग संगणक घेऊनही चित्र का अडकते याचे उत्तर पुष्कळदा या एवढ्याच गोष्टीत असते, आणि तिथे नवे यंत्र घेण्यापेक्षा प्रॉक्सी बनवणे स्वस्त पडते.

प्लेबॅकचे माप कितीही खाली ठेवले तरी अंतिम निर्यात मूळ फायलींवरून पूर्ण मापातच होते. नवशिक्यांची याबद्दलची भीती निराधार आहे. अपवाद दोन आहेत. काही सॉफ्टवेअरमध्ये आधी रेंडर केलेल्या प्रिव्ह्यू फायली निर्यातीसाठी वापरण्याचा पर्याय असतो, आणि काहींमध्ये प्रॉक्सीवरूनच निर्यात करण्याचा. ही खूण चुकून लागलेली राहिली, तर संकलकासाठी बनवलेली हलकी प्रत प्रेक्षकापर्यंत जाते. म्हणून निर्यातीचे बटण दाबण्याआधी त्या दोन खुणा पाहून घ्याव्यात.